कंधार, लोहा, धर्माबाद आणि इनामदारसाहेब

लातूर शहर व पंचक्रोशीतील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मंगळवारपासून बेशुद्ध असलेले कंधार आज सकाळी शुद्धीवर आले आहे. लोह्याशी त्याचे बोलणे सुरू झाले आहे. धर्माबादची प्रकृती मात्र चिंताजनक असून नागरिकांनी धीर सोडू नये. सुटल्यास तो इनामदारसाहेबांकडे जमा करावा.

ही घोषणा मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून करत असे. तोंडापुढे हाताचा भोंगा आणि आवाज रिक्षातून सिनेमाची जाहिरात करणाऱ्याचा. समोरच्या ओट्यावर इनामदारसाहेब दात घासत उभे असत. ते शांतपणे चूळ भरत आणि दुरुस्ती करत, "मंगळवार न्हाई सोनटक्के. सोमवारपासून."

माझ्या विनोदावर ते कधी हसले नाहीत. चूक मात्र एकही सोडली नाही.

हमीद इनामदार हे माझे समोरचे शेजारी. कंधार, लोहा आणि धर्माबाद ही नांदेड जिल्ह्यातली गावं आहेत हे जगजाहीर आहे, पण आमच्या गल्लीत ती साहेबांच्या पुढच्या खोलीत राहत होती. तीन जुने संगणक. तेही कॅफेत पोरं गेम खेळतात तसले नव्हेत. संशोधनाच्या कचेऱ्यांसाठी परदेशात बनलेले, युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे. साहेब त्यांना वर्कस्टेशन म्हणत, गल्ली त्यांना पेट्या म्हणे. चपट्या, जड पेट्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर म्हशीच्या तोंडाएवढा मॉनिटर. ह्या यंत्रांना नाव द्यावंच लागतं, नाहीतर ती एकमेकांना हाक कशी मारणार? लोक म्हणे ग्रहांची नावं देतात, नद्यांची देतात. साहेब नांदेडचे. त्यांनी पोरवयात बसच्या पाटीवर वाचलेली नावं दिली. सगळ्यात जुनं ते कंधार, कारण तिथं किल्ला आहे. धर्माबाद बाहेरच्या फ्लॉपी घेई, म्हणजे आवक-जावक त्याच्याकडे, बाजारपेठेचं गाव. आणि दोघांच्या मधे निरोप पोचवणारं ते लोहा.

"कंधारची फाईल धर्माबादला जायला किती वेळ लागतो?" असं मी एकदा विचारलं.

"बसपेक्षा लवकर जाते," साहेब म्हणाले. मग जरा विचार करून, प्रामाणिकपणे, "बहुतेक."

साहेब लातुरात आले ते भूकंपाच्या मागोमाग. धक्के मोजायचं एक ऑफिस इथं उघडलं होतं, त्यात ते यंत्रं सांभाळायला. तिकडे औसा-निलंग्याच्या बाजूची गावं पत्र्याच्या शेडमधे दिवस काढत होती, आणि इकडे शहरात आम्ही धडधाकट घरं असून अंगणात झोपत होतो. घरोघरी धोक्याची घंटा वेगळी. आमच्याकडे तांब्यावर तांब्या रचलेला असे. पडला की पळायचं. मांजरानं पाडला तरी पळायचं. अशा गल्लीत भूकंपाच्या ऑफिसातला माणूस राहायला आल्यावर लोकांनी त्याची चौकशीची खिडकी करून टाकली.

"साहेब, आज येणार हाय का?"

"आलेला सांगतो. येणारा न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेजारच्या गोदाक्कांना ते अजिबात मान्य नव्हतं. "आलेला तर मलाबी कळतो की," त्या म्हणत. "मग तुमी पगार कशाचा घेता?"

एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी भांडी वाजली. दारं थरथरली. सगळी गल्ली रस्त्यावर आली. कुणाच्या हातात लेकरू, कुणाच्या हातात पोळपाट. साहेबही बाहेर आले. जेवता जेवता उठलेले, उजव्या हाताला सालन तसंच. त्यांनी डाव्या हातानं सायकल काढली आणि ऑफिसच्या दिशेनं निघाले. ऑफिस म्हणजे जुन्या दगडी इमारतीतली खोली! त्यांच्या बायकोनं, नसीमभाभीनं, भर रस्त्यात कपाळावर हात मारला. "या अल्लाह! सारी दुनिया घरातून बाहर पळून राहिली, आन् आमचे हे आत चालले!"

साहेब संध्याकाळी परत आले. गल्ली वाट बघत होती. ते म्हणाले, "छोटा होता."

"आन् येणारा?" गोदाक्का.

साहेबांनी हात जोडले. हात आता धुतलेला होता.

पुढं काही वर्षांनी ऑफिसात नवी यंत्रं आली आणि जुनी भंगारात काढली. साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. भंगाराच्या लिलावात एक भंगारवाला आणि हे, असे दोघंच उभे. भंगारवाला तांब्याच्या तारेचा अंदाज घेत पेट्या हलवून बघत होता. त्यानं साहेबांना आपल्याच धंद्यातला समजून विचारलं, "चाचा, तुमची भट्टी कुठं हाय?"

हातगाडी गल्लीत शिरली तेव्हा नसीमभाभी दारातच होत्या. "दुसऱ्यांचे नवरे रिटायर होऊन घरी येतात," त्यांनी मला दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "आमचे ऑफिस संगं घेऊन आले."

ती यंत्रं घरी मांडणं म्हणजे लग्नघर होतं. मॉनिटर आत न्यायला मी आणि गल्लीतला इस्त्रीवाला. मग कळलं की पेटीला हात लावला की मुंग्या येतात. साहेबांनी परसात खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी पुरली आणि अर्थिंग केलं. पण अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते, आणि लातुरात ओल कुठली! नळ कधी येई, कधी नुसता फुसफुसे. त्या पाण्यातला तांब्याभर साहेब रोज खड्ड्यात घालत.

"माझा मोगरा वाळून गेला," भाभी म्हणत, "आन् इथं खड्ड्याला पाणी पाजून राहिलेत. त्याला काय फूल येणार हाय का जी?"

"करंट लागणार न्हाई," साहेब.

"मला तसाबी कुठं लागतो? मी हात लावते का तुमच्या सवतींना!"

दुपारी लोडशेडिंग. वीज जायच्या आधी ही यंत्रं नीट मिटवावी लागत. तशीच गेली तर पुन्हा उठताना ती आपल्या पोटातल्या सगळ्या फायली तपासत बसत आणि निम्मा दिवस खात. त्यामुळे जेवणाआधी साहेब एकेका यंत्रासमोर बसून त्याला आज्ञा देत, पडद्यावरची शेवटची ओळ वाचत, मगच बटण. कुणी पाहुणा मधेच बोलला तर हात वर. नमाजाला उभ्या माणसाला जसं आपण बोलवत नाही, तसं त्या वेळी त्यांना कुणी बोलवत नसे. इस्त्रीवाला त्यांच्याकडं बघून आपली इस्त्री गरम करून घेई. वीज जाणार हे त्याला साहेबांच्या पाठीवरून कळे.

मग कंधारला विसरभोळेपणाचा आजार झाला. आत एक चिप असते, तिच्या पोटात बॅटरी. यंत्राचं नाव-गाव, तारीख, सगळं त्या बॅटरीच्या जोरावर लक्षात राहतं. ती संपली. रोज सकाळी कंधार उठे आणि आपण कोण हेच त्याला ठाऊक नसे. साहेब रोज त्याला टाईप करून सांगत. बारसं रोज. शेवटी नवी चिप मिळेना म्हणून त्यांनी जुनीच कापायची ठरवली. मी दुकानातून भिंग दिलं, तमाशा बघायला मिळेल ह्या बोलीवर. साहेबांनी हॅकसॉच्या पात्यानं चिपची पाठ घासायला घेतली. कणकण. भाभी टॉर्चचा झोत धरून उभ्या. आतली दोन टोकं उघडी पडल्यावर साहेबांनी त्यांना बारीक तारा डाखल्या आणि घड्याळवाल्याकडून आणलेला गोल सेल बाहेरून जोडला. श्वास रोखून.

भाभी झोत न हलवता म्हणाल्या, "सोनटक्केभाऊ, इतक्या हळू हातानं माझ्या बांगड्यासुदिक कधी भरल्या न्हाईत."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात हलला नाही. कंधार उठलं आणि स्वतःचं नाव स्वतः सांगितलं.

"पण साहेब, हे सगळं कशासाठी?" असं लोक विचारत. मीही विचारलं. त्यावर ते म्हणत, "चालू हाय ना? मग बंद कायकू करायचं?" ह्यापलीकडे कारण नव्हतं, आणि इतकी वर्षं कुणी मागितलंही नव्हतं.

कारण मागायची वेळ आणली ती क्लासेसनी. लातूरला डॉक्टर-इंजिनियर करायच्या कारखान्याचं रूप आलं आणि आमची गल्ली ऐन भट्टीत सापडली. घरोघरी पोरं ठेवली गेली. जिन्याखाली कॉट, गच्चीवर पत्रे. एका आजोबांनी आपली खोली मुलांना देऊन स्वतः ओट्यावर बिछाना हलवला. माझ्या झेरॉक्सला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आणि भर वस्तीत, रस्त्याला लागून, दोन खिडक्यांची एक अख्खी खोली तीन पेट्या अडवून बसल्या होत्या.

भाभी त्यावर कधी बोलल्या नव्हत्या. पण त्यांच्या बहिणीची मुलगी सना देगलूरहून यायची ठरली. हुशार पोरगी, डॉक्टर व्हायचं मनात. जूनमधे क्लास सुरू होणार, वसतिगृहं भरलेली. मावशीचं घर असताना पोरीनं कुठं जायचं?

मी कसलं तरी निमित्त काढून तिथं हजर होतो. भाभी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मी फेका म्हणत न्हाई जी. कामाची असतील तर राहू द्या. सनाला मी माझ्याजवळ झोपवीन, काही तरी करीन. पण जूनच्या आधी एक काम दाखवा. दुनियेच्या उपयोगाचं एक काम, जे ह्यांनी केलं."

साहेबांनी बशीत चहा ओतला. गार झाला तरी प्यायले नाहीत. मग म्हणाले, "ठरलं. बरोबर हाय तुझं."

त्यानंतर तो माणूस काम शोधत हिंडला. पतसंस्थेत गेला, वाचनालयात गेला. सगळीकडे नवे संगणक आलेले. लोक खुर्ची देत, चहा देत, काम देत नसत. मे उलटत आला. रोज सकाळी माझी घोषणा चालू होती, पण साहेब दुरुस्ती करेनासे झाले. मग मीच घोषणा बंद केली.

आणि मग बिरादार सर धावत आले. गल्लीच्या टोकाला त्यांचा मोठा क्लास. सुट्टीतल्या बॅचची शंभर मार्कांची परीक्षा झालेली, संध्याकाळी निकाल लावायचा, गावोगावचे पालक बसनं निघालेले. आणि त्यांच्या नव्या कोऱ्या संगणकाला व्हायरस लागून तो गपगार. हातात नुसती फ्लॉपी, त्यात पोरांची नावं आणि मार्क, कशाही क्रमानं.

"हमीदभाई, तुमच्या मशिनींना व्हायरस लागत न्हाई म्हणे?"

"त्यांच्या वयाचा व्हायरस आता कुणी बनवत न्हाई," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला आणि शेवटचा विनोद.

फ्लॉपी धर्माबादनं घेतली, लोह्यानं पोचवली, कंधारनं यादी लावली. मार्कांप्रमाणे, वरून खाली, पुढं आपोआप नंबर. जुना प्रिंटर किंचाळत कागदाची लांबच लांब पट्टी ओकू लागला. साहेबांनी पहिलं पान बघितलं: नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. बिरादार सरांनी बघितलं. भाभींनी पदराला हात पुसून बघितलं आणि आत जाऊन शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

यादी क्लासच्या भिंतीवर छपरापासून जमिनीपर्यंत सोडली. बिरादार सरांनी नव्व्याण्णववाल्या मुलीला हार घातला. टाळ्या झाल्या. पेढे फिरले. गर्दीत उदगीरचा एक मुलगा यादीत स्वतःला शोधत होता. प्रश्न एकही चुकला नव्हता, त्यामुळे तो वरून सुरू झाला. मान खाली खाली येत गेली. मग तो वाकला. मग उकिडवा बसला. शेवटी शेवटच्या चार-पाच नावांत, अकरा मार्कांच्या खाली आणि दहा मार्कांच्या वर, त्याचं नाव सापडलं. नावापुढं मार्क: शंभर.

त्याच वेळी वरच्या बाजूला लोह्याहून आलेला एक बाप आनंदानं ओरडत होता, "नव्वदच्या लगेच खाली हाय की रे आपलं बाळू! एकोणनव्वदच्या वर!" बाळू बापाची बाही ओढत होता. कारण बाळूला मार्क होते नऊ.

पुढचा गोंधळ मी वर्णन करणार नाही. म्हणजे करणार होतो, पण जागा पुरायची नाही. एवढंच सांगतो की एकाच भिंतीसमोर एक मुलगा रडत होता, एक बाप पेढे वाटत होता, आणि बिरादार सर दोघांच्या मधे उभे राहून स्वतःच्या गळ्यातला मफलर सोडत होते, तोही मे महिन्यात.

साहेबांना बोलावलं. त्यांनी यादी एकदा वरून खाली वाचली आणि चेहरा उतरला. चूक कळायला त्यांना एक क्षण लागला. यंत्राला त्यांनी 'हे आकडे आहेत' असं सांगितलंच नव्हतं. मग त्यानं शब्दकोशाप्रमाणे काम केलं: आधी पहिला अंक बघितला. नवाची सगळी वर, मग आठाची, आणि शंभर एकानं सुरू होतो म्हणून तळाला.

"पण इतकी वर्षं तुमी हेच काम केलं ना?" बिरादार सर ओरडले.

"केलं," साहेब म्हणाले. "पण आमच्या ऑफिसात नऊ कधी नुसता नऊ लिहायचा न्हाई. शून्य शून्य नऊ लिहायचा. सगळे आकडे सारख्या लांबीचे. तिथं हे सांगायची गरजच पडली न्हाई. सवय झाली. चूक माझी हाय."

बिरादार सर ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. "भंगार ते भंगारच!" ते म्हणाले.

आणि गर्दी चिरत नसीमभाभी पुढं आल्या. हातात शिऱ्याचा झारा. "ओ सर! फ्लॉपी कोण घेऊन आलं व्हतं पळत? तुमची नवी मशीन तं तोंडबी उघडत न्हाई, आन् आमच्या जुनीला भंगार म्हणता? चुकलं तं सुधारून देतील. माणसं हाईत!"

सुधारून दिलं. फारसा वेळ लागला नाही. दुसरी यादी लागली, उदगीरच्या मुलाला नव्व्याण्णववालीनं स्वतःचा हार काढून दिला. लोह्याचा बाप पेढ्याचा रिकामा पुडा हातात घेऊन साहेबांजवळ आला. आम्हाला वाटलं, आता हा भांडणार. तो म्हणाला, "साहेब, ती पहिली यादी फेकायची असंल तर मला देता का?"

साहेबांनी दिली नाही. "चुकीची हाय," ते म्हणाले.

शिरा आम्ही ओट्यावर खाल्ला. भाभींनी साहेबांच्या ताटलीत आणखी एक डाव वाढला आणि सहज बोलावं तसं बोलल्या, "काम तं झालं म्हणायचं. दुनियेच्या उपयोगाचं. पहिल्यांदा न्हाई तं दुसऱ्यांदा. राहू द्या मशिनी."

"न्हाई," साहेब म्हणाले.

"मीच म्हणून राहिले ना राहू द्या!"

"तू म्हणशील, नसीम. पण एक काम दाखवा म्हणालीस, मी चुकवून दाखवलं. त्या पोरानं जमिनीवर बसून आपलं नाव शोधलं. आणि सना येणार. तुझ्याजवळ झोपेल ती, पण अभ्यास कुठं करेल? ह्यांच्या पंख्यांच्या आवाजात?"

भाभी माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुमी तरी सांगा ह्यांना." मी ताटलीला चिकटलेला रवा बोटानं पुसून खायला घेतला. भाभींनी ताटल्या गोळा केल्या, जरा जास्तच आवाज करत.

नांदेडला जुन्या वस्तीत साहेबांच्या धाकट्या भावाचं घर. त्याची मुलं नोकरीला बाहेर, माडी रिकामी. यंत्रं तिकडे न्यायची ठरलं. साहेब आठवड्यातून एकदा जाणार, चालू करणार, बघणार, नीट मिटवून परत येणार. भाभींनी विचारलं, "आठवड्यातून एकदा बघायचं तं ठेवता कायकू?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "हौ, कळलं. चालू हाय म्हणून."

टेम्पो आला तो सकाळी, ऊन चढायच्या आधी. इस्त्रीवाला आणि मी पुन्हा मॉनिटरला. भाभींनी लग्नातल्या गोधड्या काढून दिल्या. साहेब सतरंजी म्हणत होते, पण भाभी म्हणाल्या, रस्ता खराब हाय, आपटतील. साहेबांनी एकेक पेटी गुंडाळली, दोरी बांधली, गाठ ओढून बघितली. त्यांना घाई नव्हती आणि उशीरही नव्हता. मग स्वतः मागच्या बाजूला, पेट्यांच्या मधे बसले, पाठीशी कंधार, मांडीला लोहा, आणि एक हात धर्माबादवर. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, पुढं या, सीट हाय. साहेबांनी मान हलवली. मला म्हणाले, "सोनटक्के, इथं आज वीज जाणार हाय का?"

"जायला काय झालं, जाणारच," मी म्हणालो.

"मग बरं झालं," ते म्हणाले. टेम्पोवाल्यानं चावी फिरवली.

भाभी बाहेर आल्या नाहीत. त्या खोलीत झाडू घेऊन गेल्या होत्या. संध्याकाळी सना येणार, खोली धुवून काढायची होती. जिथं पेट्या होत्या तिथं फरशीवर तीन पांढरे चौकोन उमटले होते. खिडक्या सताड उघड्या. भाभी मधोमध उभ्या होत्या, झाडू हातात तसाच. टेम्पो हलला तसं साहेबांनी आत बघितलं, मीही बघितलं, आणि जी बाई इतकी वर्षं त्या पेट्यांवरून टोमणे मारत आली होती, ती एकदम मोठ्यानं, कुणालाच उद्देशून नाही अशी, बोलून गेली,

"या अल्लाह, केवढी मोठी हाय ही खोली! आता हिचं करायचं काय?"